आल्डरच्या दारातला गाफ

आमच्या बिल्डिंगचं नाव आल्डर. शेजारच्या दोघींची बर्च आणि सीडर. मस्कतच्या अल हैल भागात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर, क्रीम रंगाच्या तीन बिल्डिंगा, मधे पार्किंग, कोपऱ्यात झोपाळा आणि घसरगुंडी. ज्याने ही नावं ठेवली त्याला ए, बी, सी एवढंच हवं होतं. पण नुसतं ए, बी, सी लिहिलं तर लेबर कॅम्पसारखं दिसतं, म्हणून त्याने थंड देशातली तीन झाडं स्टीलच्या अक्षरांत भिंतीवर ठोकली. भाडं देणाऱ्याला तेवढंच बरं वाटतं.

मी नववीत असताना आम्ही वादी कबीरहून इथे राहायला आलो. त्यानंतर कित्येक वर्षं मी फॉर्मवर पत्ता म्हणून आल्डर लिहीत होते आणि आल्डर म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. आईला नव्हतं, बाबांना नव्हतं. बाबा इंजिनिअर आहेत, त्यांना पाइपांचे सगळे व्यास तोंडपाठ आहेत. फोनवर डिलिव्हरीवाल्याला ते सांगायचे, "आल्डर. ए से आल्डर." त्याच्यापुढे कधी कुणाचा विचार गेला नाही.

आणि आल्डरच्या दारातच एक खरं झाड होतं. त्याला कुणी पाटी लावली नव्हती.

ते बिल्डिंगच्या आधीपासून तिथे होतं. कंपाउंडची भिंत त्याच्यापाशी येऊन थोडी वळसा घेऊन जायची, म्हणजे ज्याने भिंत बांधली त्याला तरी ते दिसलं होतं. काळपट, भेगाळलेलं खोड, बारीक पानं, काटे, खाली वाकलेल्या फांद्या. इथले लोक त्याला गाफ म्हणतात. भिंतीपलीकडच्या घरातले ओमानी आजोबा संध्याकाळी फाटकातून आत यायचे, प्लॅस्टिकची खुर्ची टाकून त्याच्या सावलीत बसायचे आणि मगरिबची बांग झाली की खुर्ची उचलून जायचे. इतक्या वर्षांत त्यांनी त्या झाडाला पाणी घातलेलं मी एकदाही पाहिलं नाही. हे मला तेव्हा खटकायला हवं होतं.

समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी त्याला आमचं केलं. काकू पुण्याच्या, त्यांच्या माहेरी गणपतीला शमीपत्र वाहायचे. दसऱ्याला आपट्याची पानं इथे मिळत नाहीत. मत्रहच्या बाजारातल्या जुन्या दुकानदारांकडे कापूर मिळतो, हळकुंडं मिळतात, सुपाऱ्या मिळतात, आपटा नाही. मुंबईहून येणारा कुणीतरी बॅगेत आणतो आणि ती पानं दोन दिवसांत पापडासारखी होतात. अशाच एका दसऱ्याला काकू खाली उभ्या राहून झाडाकडे बघत होत्या आणि म्हणाल्या, "अगं, हा कसला गाफ. ही शमी आहे. मी लहानपणी हिचे काटे बोटात घुसवून घेतलेत, मला कोण शिकवणार?"

त्यांचं बरोबर होतं. गाफ आणि शमी एकच झाड. त्या वर्षीपासून तिन्ही बिल्डिंगांतली वीसेक मराठी घरं दसऱ्याला खाली जमायला लागली. सीमोल्लंघन म्हणजे पार्किंग ओलांडून झाडापर्यंत जायचं. हळद-कुंकू, एक उदबत्ती, प्रत्येकाने एक डहाळी. शाळकरी मुलं आपसांत इंग्रजीत भांडायची आणि मोठ्यांसमोर आली की पाठ केल्यासारखं "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" म्हणायची. आम्ही सगळे तिथे पाहुणे, दोन-दोन वर्षांच्या व्हिसावरचे. पण त्या झाडापाशी उभं राहिलं की पाहुणं वाटायचं नाही. हे मी उगाच भावुक होऊन लिहीत नाहीये. पुढे जे झालं ते यामुळेच झालं, म्हणून सांगतेय.

मी पुण्याला कॉलेजला गेले आणि तिथे पत्रकं लिहायला शिकले. टेकडी वाचवा, नदी वाचवा, रस्त्यासाठी पाडायला काढलेले वड वाचवा. चार वर्षं मी हेच केलं. पत्रक कसं लिहायचं याचे आमच्या गटाचे नियम होते. पहिल्या ओळीत राग हवा. दुसऱ्या ओळीत शत्रू हवा. शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याने आज घरी जाऊन काय करायचं ते हवं. मला ते चांगलं जमायचं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी मस्कतला परत आले तेव्हा झाड पिवळं पडलं होतं. सगळं नाही, पार्किंगकडची अर्धी बाजू. पानं बोट लावलं की गळत होती. खाली इंटरलॉकच्या फरशांचा एक लांब पट्टा नवा दिसत होता. तो मी पाहिला आणि सोडून दिला.

कंपाउंडचा मॅनेजर त्याच्या एसी केबिनमध्ये होता. मी त्याला झाडाबद्दल विचारलं. तो वाईट माणूस नव्हता, उलट खूश होता. "मैडम, जिंदा गाफ को हाथ नहीं लगा सकते. परमिशन नहीं मिलता. मर जाएगा तो मिल जाएगा." मग त्याने खिडकीतून बोट फिरवून दाखवलं. "आठ गाड़ी का जगह है. इन्शाल्ला."

म्हणजे झाड जिवंत राहिलं तर राहील आणि मेलं तर आठ गाड्या उभ्या राहतील. कुणी कुऱ्हाड उचलायची गरज नव्हती, नुसतं थांबायचं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पुण्यात निदान शत्रूला जेसीबी लागायचा.

त्याच आठवड्यात मी पहिल्यांदा आल्डर शोधलं. पत्रकाला पहिली ओळ हवी होती म्हणून. आल्डर हे पाण्याकाठचं झाड. ओढे, नद्या, दलदल, जिथे दुसरं झाड कुजेल तिथे ते पाय पाण्यात ठेवून जगतं. त्याचं लाकूड पाण्याखाली सडत नाही, म्हणून तिकडे जुन्या पुलांचे आणि घरांचे खांब त्याचे करायचे. लाकडी चपला त्याच्या, कोळसा त्याचा. ताजं तोडलं की पांढरं लाकूड बघता बघता लालसर होतं, रक्त यावं तसं, आणि त्याच्या नावाच्या मुळाशीही लाल-तांबूस अशा अर्थाचा फार जुना शब्द आहे म्हणतात. मी फोनवरचा फोटो गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या भाईंना दाखवला. ते कुमाऊँचे.

"अरे दीदी, ये तो उतीस है," ते म्हणाले. "हमारे यहाँ जहाँ पहाड़ टूटता है ना, वहाँ सबसे पहले यही उगता है. नाले के किनारे भी. इसका नाम यहाँ दीवार पे लिखा है?"

"हाँ. आप रोज़ उसी के नीचे बैठते हो."

त्यांनी मान वळवून स्टीलच्या अक्षरांकडे पाहिलं आणि हसले. "इसको तो यहाँ एक दिन में बुखार आ जाएगा."

मी तिथेच ओळ लिहिली. "आल्डर तुमच्या पत्त्यात आहे. गाफ तुमच्या दारात आहे. एक कधी इथे नव्हतं, दुसरं उद्या नसेल." शेवटची ओळ अर्थात, आज काय करायचं. "प्रत्येक घराने शमीला रोज एक तांब्या पाणी."

बाबांनी आधी शुद्धलेखन तपासलं आणि मग रागावले. "हे पुणे नाही. इथे कागद वाटायचा तर परवानगी लागते."

"झाडाला पाणी घाला म्हणायला?"

"कागद कागद असतो. तुझं काय, तू जाशील. माझा व्हिसा माझ्या कंपनीच्या नावावर आहे."

मी कागद वाटले नाहीत, मराठी घरांच्या दारांखालून सरकवले. तो फरक मला तेव्हा फार मोठा वाटला होता.

लोकांनी ऐकलं, आणि यात माझं कौशल्य काही नव्हतं. आपल्या माणसाला देवाच्या झाडाला पाणी घाल म्हटलं की तो का विचारत नाही. तुळस, वड, पिंपळ, औदुंबर, सगळ्यांना आपण पाणीच घालत आलोय. सकाळी ऑफिसला जाणारे काका लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून तांब्या रिकामा करायचे. एसीचं ठिबकणारं पाणी लोक बादल्यांत साठवायला लागले. काकू तर पाणी घालून तीन प्रदक्षिणा मारायच्या. तांब्यातलं पाणी उतारावरून पार्किंगकडे वाहून जातं असं कुणाच्या तरी लक्षात आलं, मग मी दुसरी गोष्ट सुचवली. पार बांधू या. गावाकडे असतो तसा, खोडाभोवती विटांचा गोल, आत माती आणि खत भरायचं, वर बसताही येईल.

एका शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी आम्ही दहा-बारा जणांनी तो बांधला. कमरेच्या थोडा खाली, एवढा उंच. आत नर्सरीतून आणलेली काळी माती. मुलांनी विटांवर रंग मारला. आई वरून पोहे घेऊन आली.

तेव्हा मेंटेनन्सचे मामा आले. हे मामा मालवणकडचे, अठरा वर्षं ओमानमध्ये, त्यातली बरीचशी या तीन बिल्डिंगांत. कुणाचा फ्लश, कुणाचा गीझर, कुणाचं कुलूप, सगळ्यांना त्यांची गरज आणि सगळे त्यांना मामा म्हणायचे, पण पोह्याची बशी त्यांच्या हातात कुणी दिली नाही. ते बाजूला उभे राहून बघत होते. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "गो बाय, खोड पुरू नको. माणसाच्या नाकापर्यंत माती भरलंस तर तो जगतलो काय?"

"मामा, माती म्हणजे पोषण आहे."

"त्याका तहान नाय लागलेली. त्याचां मूळ तोडलेलां आसा." त्यांनी फरशांच्या त्या नव्या पट्ट्याकडे हात केला. "मार्चात लाइन टाकली ना गटाराची, तेव्हा. ह्या बाजूचां सगळां गेलां. आता पानां पिवळी करून ता आपलो भार कमी करता. त्याका ऱ्हवांदे तसांच. दोन वरसांत आपला आपण सावरतला."

आज मी हे लिहिताना त्यांचा एकेक शब्द मला आठवतोय, म्हणजे तेव्हा तो कानात नीट गेला होता. मी ऐकलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही. मी ऐकलं आणि ठरवलं की हा कंपनीचा माणूस आहे. मॅनेजरला हवंय ते हा मालवणीत सांगतोय. काही करू नका, थांबा, आपोआप होईल. अगदी तेच वाक्य, फक्त उलट्या टोकाकडून.

"मामा, तुम्हाला मॅनेजरने पाठवलंय का?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

त्यांनी पाना उचलला आणि ते पंपरूमकडे गेले.

पलीकडचे आजोबा त्या संध्याकाळी खुर्ची घेऊन आले. पाराभोवती चिखल झाला होता. त्यांनी रंगवलेल्या विटा पाहिल्या, आतली ओली माती पाहिली, मग माझ्याकडे पाहून एकच शब्द विचारला, "लेश?" म्हणजे का. मी मोडक्या अरबीत सांगितलं, पाणी, झाडासाठी. ते खुर्ची घेऊन परत गेले. मग काही दिवस आले, मग यायचे थांबले. मला वाटलं डासांमुळे.

जुलैमध्ये अर्धी बिल्डिंग सुट्टीला भारतात गेली. ज्यांचे तांब्ये बंद झाले त्यांचंही पाणी मीच घालायला लागले, सकाळ-संध्याकाळ सहा-सहा बादल्या, चव्वेचाळीस डिग्रीत. खाली पाराजवळ एक नळ होता, त्याला मी पाइप जोडला. एक दिवस नळ कोरडा. व्हॉल्व्ह बंद करून त्याला तारेने बांधलं होतं. सिक्युरिटीवाल्या भाईंनी सांगितलं, मामांनी केलंय.

मी पंपरूममध्ये गेले. मामा डबा खात होते. भात आणि सुक्या बांगड्याची चटणी.

"नळ का बंद केला?"

"तूच बघ त्याच्या खोडाक नख लावून," ते म्हणाले. "मातीच्या खाली. मगे बोल माझ्याशी."

मी नख लावलं नाही. मी वर गेले आणि पत्रक लिहिलं. माझं आजवरचं सगळ्यात धारदार पत्रक. "नळ बंद करणारा हात कुणाचा?" नाव घातलं नव्हतं. नाव घालायचं नाही हाही आमच्या गटाचा नियम. "अठरा वर्षं या झाडाच्या सावलीत बसून ज्याने डबा खाल्ला, तोच आज आठ गाड्यांसाठी त्याचा घसा आवळतोय." नाव घालायची गरजच नव्हती. या वेळी मी ते दारांखालून सरकवलं नाही, व्हॉट्सअॅपवर टाकलं आणि ते मराठी घरांतून हिंदीत, हिंदीतून इंग्रजीत गेलं. पंचवीस-तीस जणांनी मॅनेजरला मेसेज केले. मॅनेजरला झाडाचं काही पडलेलं नव्हतं, पण मेसेज नको होते. दहा दिवसांत मामांची बदली झाली, शहराबाहेरच्या एका साइटवर, जिथे अजून बिल्डिंगही उभी नव्हती, कंटेनरमध्ये राहायचं. खलास. नळ उघडला.

मामा गेले त्या दिवशी मी घरीच होते. खाली उतरले नाही. आई म्हणाली, "सगळ्यांकडे जाऊन निरोप घेऊन आले. आपल्याकडे नाही घेतला." मग थोड्या वेळाने, भांडी घासता घासता, "आपल्या सिंकचा पाइप सकाळीच बसवून गेले, तू झोपली होतीस."

दसऱ्याला झाड हिरवं होतं. हे खोटं नाही, माझ्याकडे फोटो आहेत. सगळीकडून कोवळी पालवी, नाजूक, पोपटी. काकूंनी मला पाटावर उभी करून ओवाळलं. बाबासुद्धा म्हणाले, "चला, तुझ्या कागदाचा उपयोग झाला." मी ते फोटो पुण्याच्या गटाला पाठवले. मूळ तोडलेलं झाड भरपूर पाणी मिळालं की वरवर असं पालवतं आणि सगळा भार वर घेतं, हे मला नंतर कळलं. आधी कळायचा एक रस्ता होता, तो मी कंटेनरमध्ये पाठवला होता.

जानेवारीत दोन दिवस पाऊस आणि वारा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास आम्ही नाश्ता करत होतो. मोठा आवाज झाला नाही. कुणीतरी जड गादी ओढत न्यावी तसा झाला, मग पत्रा वाकल्याचा. मी गॅलरीत गेले. झाड आडवं पडलं होतं, थेट घसरगुंडीवर. घसरगुंडीची शिडी दुमडली होती. शुक्रवार होता. पाऊस नसता तर त्या वेळी तिथे सात-आठ मुलं असती. हे वाक्य मी रोज एकदा तरी मनात म्हणते आणि पुढे जात नाही.

आम्ही सगळे खाली गेलो. पार फुटला होता, रंगीत विटा पसरल्या होत्या. खोड मातीच्या रेषेवर मोडलं होतं, अगदी आम्ही माती भरली होती तिथे. मी आता नख लावलं. साल सोलून हातात आली, शिजलेल्या वांग्याच्या सालीसारखी, आणि आतून आंबूस वास आला. पार्किंगच्या बाजूला मुळं नव्हतीच, फक्त सरळ कापलेली टोकं होती. चिखल नरम होता, तिथे त्याला धरायला काही राहिलं नव्हतं.

आल्डर असतं तर जगलं असतं. मला तिथे उभं राहून हेच सुचलं आणि स्वतःचा संताप आला. नावांवरून मी जगाला शिव्या देत होते, भिंतीवर खोटं झाड लावता म्हणून. आणि स्वतः त्या भिंतीवरच्या झाडाला जे लागतं ते मी दारातल्या झाडाला दिलं. वाळवंटातल्या झाडाचे पाय पाण्यात ठेवले. काकूंनी त्याला शमी म्हटलं, मॅनेजर गाफ म्हणत होता, मी "आपला लढा" म्हणत होते. त्याला काय हवंय ते एकाच माणसाला माहीत होतं.

काकू रडत होत्या. "काय गं, आपण तर इतकं केलं."

"म्हणूनच पडलं," मी म्हटलं. फार तोडून बोलले. त्या वर गेल्या.

मॅनेजरने फोटो काढले. त्याला परवानगी मिळाली, मिळणारच होती. तीन दिवसांत फांद्या गेल्या, खोड गेलं. बुंधा तेवढा राहिला, कारण त्याला लागूनच गटाराची लाइन जाते आणि खणलं तर ती फुटली असती. बाकी फरशा. आठ नाही, सहाच गाड्या बसतात.

मामांचा नंबर सिक्युरिटीवाल्या भाईंकडे होता. तो मी मागायला पाच आठवडे लावले. फोन केला तेव्हा मागे काँक्रीटचा मिक्सर फिरत असल्याचा आवाज येत होता, कुणीतरी "यल्ला, यल्ला" असं ओरडून घाई करत होतं. मी सांगायचं ते पाठ केलं होतं. माझं चुकलं, मी तुमच्याबद्दल खोटं लिहिलं, मी सगळ्यांना तसं लिहून सांगणार आहे. बोलताना ते पत्रकासारखं ऐकू आलं. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "पडताना कोणाक लागला नाय ना?"

"नाही."

"झोपाळ्याकडे पडला की गेटाकडे?"

"घसरगुंडीवर."

"माका तीच भीती होती," ते म्हणाले. "पान्याने आवळून तार बांधलंय, म्हटलां कोणी सोडू नये. बुंधो आसा काय?"

"आहे."

"बघ त्याच्या आजूबाजूक. त्या झाडाची मुळां खोल जातत. कधी कधी लांबून फुटवो येता."

"आला तर काय करू?"

"काय पण करू नको."

"मामा, मी मॅनेजरशी बोलू का? तुम्हाला परत इथे..."

"तू आता कोणाशी बोलू नको, बाय," ते म्हणाले, आणि ते रागाने नव्हतं. रागाने असतं तर सोपं गेलं असतं. "माका कामाक जांवक होया."

तरीही मी तिसरं पत्रक लिहिलं. त्यात खाली माझं नाव घातलं, मामांबद्दल जे लिहिलं ते खोटं होतं असं सरळ लिहिलं आणि तिन्ही भाषांत टाकलं. बाबांनी वाचलं, एकही चूक दुरुस्त केली नाही, फक्त म्हणाले, "पाठव." चार जणांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. कुणी मॅनेजरला मेसेज केला नाही. मामा अजून त्या साइटवरच आहेत. खोटं पत्रक जेवढं लांब गेलं त्याच्या अर्ध्यावरही खरं पोचलं नाही. ते एवढं धारदार नव्हतंच, त्यात शत्रू मी होते.

मार्चच्या शेवटी फुटवा आला. बुंध्यापासून तीन हातांवर, दोन फरशांच्या फटीतून, करंगळीएवढा. मी मॅनेजरकडे गेले. "गाफ जिंदा है," मी म्हटलं. तो बाहेर आला, वाकला, चष्मा कपाळावर सरकवला. "मैडम, ये झाड़ है?" तो म्हणाला. पण एवढं झालं की फरशीवाला त्या फटीत सिमेंट भरायला येणार होता, त्याला त्याने तूर्त थांबवलं. तूर्त म्हणजे किती, ते त्याने सांगितलं नाही. मी पाराच्या पडलेल्या विटांपैकी चार उचलून फुटव्याच्या भोवती नुसत्या ठेवल्या, टायर येऊ नये म्हणून. आत माती घातली नाही.

परवा सकाळी खाली गेले तर काकू तिथे. आंघोळ करून, ओले केस, हातात भरलेला तांब्या. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला.

"अगं, दोनच थेंब. केवढंसं आहे बघ ते."

"दोन थेंबही नाही."

"तूच लिहिलं होतंस ना, रोज एक तांब्या. माझ्या फ्रिजवर आहे अजून."

"ते काढून टाका, काकू. मी येऊन काढते."

"राहू दे. तुझं अक्षर आहे वर." त्या तिथेच उभ्या राहिल्या, उन्हात. "मग मी काय करू सांग."

"काहीच नाही."

"असं कसं काहीच नाही?"

मी आयुष्यात एकदाही पत्रकाच्या शेवटच्या ओळीत 'काहीच करू नका' असं लिहिलेलं नाही. आम्ही दोघी विटांच्या अलीकडे उभ्या होतो, एक गाडी मागे येत वळत होती, तिला मी हात करून थांबवलं. काकूंनी तांब्याकडे पाहिलं, मग तो तोंडाला लावला आणि अर्धं पाणी पिऊन टाकलं. उरलेलं माझ्यापुढे धरलं.

"घे," त्या म्हणाल्या. "ऊन फार आहे."